विमानतळाचं टर्मिनल: कमळ हवं की गोडाऊन?

मु.पो. तळेगाव
नवी मुंबईचं विमानतळ सुरू झाल्यापासून आमच्या फॅमिली ग्रुपवर दिवसाआड कमळाचा फोटो पडतोय. (कमळ म्हणजे छत आणि खांब, पक्ष नव्हे, धाग्यात राजकारण आणू नका प्लीज.) दिसायला छानच आहे, आर्किटेक्ट झाहा हदीद यांच्या ऑफिसचं डिझाईन आहे, बीजिंगच्या दाशिंग विमानतळाचं पण त्यांचंच. पण मला एक प्रश्न पडलाय. पुढच्या पन्नास वर्षांचं टर्मिनल म्हणून आपण जे बांधतोय ते नक्की कुठल्या भविष्यासाठी? कारण छत पन्नास वर्षं टिकतं आणि त्याच्या खालची पद्धत दहा वर्षं पण टिकत नाही.

अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीचं उदाहरण घ्या. १९७२ ला त्यांनी एकदम भविष्यातलं विमानतळ बांधलं, तीन गोल टर्मिनल, गाडी दाराशी लावा, थोडं चाला की समोर गेट. त्या काळात सगळे वाहवा करत होते. आणि १९७३ च्या सुरुवातीला अपहरणांच्या प्रकारांमुळे तिकडे प्रत्येक प्रवाशाची तपासणी सक्तीची झाली. झालं! त्या अरुंद गोलात मध्यवर्ती सिक्युरिटी लावायला जागाच नाही, मग गेटागेटाशी काचेचे कोंडवाडे केले, आत गेलात की ना धड खायला ना टॉयलेट, लागली तर बाहेर या आणि परत रांग लावा. उद्घाटनाचा रंग वाळायच्या आत भविष्य शिळं. तरी शहराने ते पन्नास वर्षं ओढलं, २०२३ च्या फेब्रुवारीत एकच नवीन टर्मिनल उघडलं तेव्हा सुटका झाली.

म्हणून माझं स्पष्ट मत, टर्मिनल म्हणजे चांगलं उंच, हवेशीर, उजेडाचं गोडाऊन असावं. आतलं सगळं हलवता यायला पाहिजे, भिंती, काउंटर, सिक्युरिटी, सगळं. कमळं, मोर, पिसं यावरचा पैसा तिथे पोचण्यावर आणि आत कमी चालायला लागेल यावर घाला. बोला.

वीट_आणि_चुना
गोडाऊन हा शब्द वापरून धागा पळवायचा असेल तर पळवा, पण थोडी माहिती घेऊन. तुम्ही ज्याला मोर म्हणताय ते मुंबई विमानतळाच्या टी२ चं (टर्मिनल २ चं) छत आहे. मुख्य हॉलचं ते सगळं छत फक्त ३० खांबांवर उभं आहे, वर छत्रीसारखे पसरत गेलेले. एवढ्या मोठ्या हॉलला ३० खांब म्हणजे खाली जमीन मोकळी मिळते, काउंटर हलवा, मशीन हलवा, काय वाटेल ते करा. तुम्हाला हवंय ते नेमकं हेच आणि ते त्या नक्षीतूनच मिळालंय. त्या खाचांतून दिवसा उजेड खाली येतो तो वेगळाच. नक्षी म्हणजे वरून चिकटवलेलं काहीतरी असतं हा समज बांधकामाशी संबंध नसलेल्यांचा असतो, राग मानू नका.

आणि तुमचं आदर्श गोडाऊन ऑलरेडी बांधून झालंय. लंडनचं स्टॅन्स्टेड विमानतळ, १९९१, आर्किटेक्ट नॉर्मन फॉस्टर. त्याने सगळी यंत्रं, डक्ट, बॅगांचे पट्टे जमिनीखाली घातले आणि वर नुसतं हलकं छत ठेवलं, आत शिरल्यावर समोर विमानं दिसतील इतकं मोकळं. मग त्या मोकळ्या जागेचं काय झालं? दुकानं झाली! मोकळी जागा सोडली की ती प्रवाशाला मिळते असं नाही, जो भाडं देतो त्याला मिळते.

मु.पो. तळेगाव
३० खांबांचा मुद्दा मान्य पण खांब कमी ठेवायला त्यांना मोराचं पीस नेसवावंच लागतं असं कुठल्या पुस्तकात लिहिलंय? आणि स्टॅन्स्टेडमध्ये दोष दुकानांचा, गोडाऊनचा नाही. सिक्युरिटी संपल्यावर नागमोडी रस्त्याने परफ्यूमच्या बाटल्यांमधून फिरवतात ना, त्याला मी लूट म्हणतो. गेट डावीकडे आणि रस्ता उजवीकडून.

हिशेबनीस
लूट म्हणताय तर हिशेब पण ऐका. आपल्याकडे मोठ्या विमानतळांचे दर ठरवताना दुकानं, पार्किंग, जाहिरात यातून येणाऱ्या उत्पन्नातले ३० टक्के विमानसेवेच्या बाजूला धरतात, म्हणजे तितका भार लँडिंग चार्ज आणि तुमच्या तिकिटातल्या यूडीएफवरून (प्रवाशाकडून घेतात ते विमानतळाचं शुल्क) कमी होतो. परफ्यूम घेणारा माणूस तुमच्या तिकिटाला हातभार लावतोय, त्याला शिव्या देऊ नका :) दुकानं काढा म्हणणाऱ्याने आधी सांगावं की यूडीएफ किती वाढलेला चालेल.

मु.पो. तळेगाव
३० टक्के आमच्या बाजूला आणि ७० टक्के कोणाच्या, ते पण सांगा की.

कळव्याची काकू
तुम्ही सगळे छतावरच चढून बसलात, खाली कोणी उतरणार का? मी दर वर्षाआड लेकीकडे जाते, गुडघे बदललेले आहेत. मला छत दिसतच नाही हो, मी खाली बघून चालते कारण चकचकीत फरशी आणि त्यात छताच्या दिव्यांचं प्रतिबिंब, ओलं आहे की कोरडं कळतच नाही. सिक्युरिटीला बूट काढायला लावतात कधी कधी, काढायला कशीबशी जागा मिळते, पण त्या मशीनच्या पलीकडे परत घालायला बसायचं कुठे? ट्रे मागून धडाधड येत असतात, एका हातात बूट, एका हातात पासपोर्ट, बोर्डिंग पास तोंडात धरलाय आणि मागचा माणूस म्हणतो आंटी जरा सरका. तिथे एक साधा लांब बाक टाकायला कुठला परदेशी आर्किटेक्ट लागतो?

आणि दुसरं, सोडायला येणाऱ्यांचं काय? आपल्याकडे तिकीट दाखवल्याशिवाय दारातून आत सोडत नाहीत. एक माणूस जाणार आणि सोडायला सहा येणार, त्यात दोन म्हातारे, एक पोर झोपलेलं. त्यांनी त्या ड्रॉपच्या रस्त्यावर उभं राहायचं, शिट्टी वाजली की निघायचं. रडायला पण वेळ देत नाहीत मेले. कोट्यवधीच्या इमारतीत या माणसांसाठी चौरस फूट किती ठेवलेत ते सांगा आधी.

पिंपळपान
काकूंना +१००. धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच आहे. सिंगापूरच्या चांगी विमानतळावर २०१९ मध्ये ज्वेल नावाची इमारत बांधली ते याच विचाराने, मधोमध ४० मीटरचा धबधबा, झाडं, दुकानं आणि सगळं सिक्युरिटीच्या अलीकडे, तिकीट नसलेला माणूस पण आत येऊन दिवसभर बसू शकतो.

हिशेबनीस
आणि धबधबा म्हणजे नक्षी नाही का? तळेगावकर, आता बोला.

बायनरी बाबूराव
मला सगळी चर्चाच मागच्या शतकातली वाटतेय, सॉरी टू से. भविष्यात टर्मिनल हवंच कशाला एवढं? डिजी यात्रा २०२२ च्या डिसेंबरला सुरू झालं, चेहरा दाखवा आणि आत. वेब चेकइन घरून होतं, उद्या बॅगा पण घरून उचलतील. बॅगा तपासायचे नवीन सीटी स्कॅनर जिथे आलेत तिथे लॅपटॉप बाहेर काढायची कटकट नाही. म्हणजे काउंटर गेले, रांगा गेल्या, तीन तास आधी पोचणं गेलं. राहिलं काय तर एक लांब कॉरिडॉर आणि गेट. चांगीच्या टी४ मध्ये २०१७ पासून बॅग ड्रॉप ते बोर्डिंग सगळं सेल्फ सर्व्हिस करता येतंय. कमळ पण नको आणि गोडाऊन पण नको, ॲप पाहिजे.

पिंपळपान
आणि चेहऱ्याचा डेटा? २४ तासांत पुसतो म्हणतात, पुसला की नाही हे बघायची सोय तुमच्या माझ्याकडे काय आहे? शिवाय ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही किंवा चार्जिंग संपलंय त्याची रांग हळूहळू लांब आणि एका कोपऱ्यात जाणार. टोलनाक्यावर रोखवाल्यांचं काय केलं आठवा.

बेल्टखालचा
बाबूराव, तुमची बॅग पण ॲपमधून जाते का? मी या लाईनमध्ये आहे (विमानतळ सांगत नाही, नोकरी प्यारी आहे). प्रवाशाला टर्मिनल जितकं वर दिसतं, त्याचा खरा जीव खाली असतो. बॅगेला लावलेल्या टॅगवर दहा आकडी नंबर असतो, पट्ट्यावरून जाताना रीडर तो वाचतो, मग स्क्रीनिंग, मग सॉर्टिंग, मग त्या त्या फ्लाईटच्या चुटवर (बॅगांची घसरगुंडी). टॅग चुरगळला किंवा खाली दबला की रीडर नापास, बॅग बाजूला येते आणि माणूस हाताने वाचून टाकतो. सगळं ऑटोमॅटिक म्हणणाऱ्यांनी त्या माणसाशेजारी एक रात्र बसावं.

भविष्याची घाई काय करते ते अमेरिकेतल्या डेन्व्हर विमानतळाने दाखवलंय. संपूर्ण विमानतळभर आपोआप पळणाऱ्या बॅगांच्या गाड्या लावायला गेले, चाचणीत बॅगा फेकल्या, फाटल्या, अडकल्या, विमानतळाचं उद्घाटन १६ महिने लांबलं, १९९५ च्या फेब्रुवारीत उघडलं ते पण अर्धीमुर्धी सिस्टीम घेऊन, आणि २००५ ला ती पण मोडीत काढली. त्यापेक्षा साधे पट्टे आणि ट्रॅक्टर बरे. माझं मत विचाराल तर कमळ ठेवा नाहीतर गोडाऊन ठेवा, तळघराची उंची आणि रुंदी कापू नका. नकाशात पैसे वाचवायचे झाले की पहिली कात्री तिथेच लागते कारण फोटोत येत नाही.

वीट_आणि_चुना
याला मात्र मनापासून अनुमोदन.

बर्लिनचा बंड्या
इथे बर्लिनला मी दोन्ही प्रकार बघितलेत म्हणून लिहितो. टेगल नावाचं विमानतळ होतं, १९७४ चं, षटकोनी, टॅक्सीतून उतरलं की विमान जेमतेम तीसेक मीटरवर, चेकइन, तपासणी, बोर्डिंग सगळं त्या त्या गेटलाच. दिसायला म्हणाल तर आपलं एसटी स्टँड बरं, पण लोकांचा जीव होता त्याच्यावर. बांधलं होतं वर्षाला २५ लाख लोकांसाठी, शेवटी शेवटी दोन कोटींच्या वर जात होते आणि तरी चाललं, २०२० पर्यंत. तळेगावकरांच्या कॅन्सस सिटीसारखीच कल्पना, तिकडे फसली आणि इकडे लोकांनी ती चालवून घेतली, तेव्हा एका उदाहरणावरून सिद्धांत मांडू नका.

त्याच्या जागी आलेलं ब्रँडेनबर्ग २०१२ च्या जूनमध्ये उघडणार होतं, पत्रिका छापल्यासारखी तयारी, काही आठवडे आधी रद्द. आगीच्या वेळी धूर बाहेर काढायची यंत्रणा पास होईना. धूर वर जातो हे लहान पोराला कळतं, यांनी छत सुंदर दिसावं म्हणून तो खाली ओढून न्यायचं ठरवलं होतं. उघडायला २०२० चा ऑक्टोबर उजाडला, जर्मनीत! म्हणजे छताच्या सौंदर्यापायी काय होतं याचा नमुना पाहिजे असेल तर हा घ्या, तळेगावकर, तुम्हाला फुकट.

मु.पो. तळेगाव
घेतला, आभारी आहे :) पण टेगल चाललं ते लोकांनी सोसलं म्हणून. चालणं आणि चालवून घेणं यात फरक आहे. आणि कमी चालणं फक्त छोट्या टर्मिनलमध्येच जमतं असंही नाही, दाशिंग एवढं अवाढव्य असूनही पाच बोटांसारखं पसरवलंय आणि मधून कुठल्याही गेटला आठेक मिनिटांत पोचता येईल असं त्यांचं गणित आहे. त्या नकाशाला माझा सलाम, वरच्या लाटांना नाही.

उलव्याच्या अलीकडचा
आम्ही इथले, नवी मुंबई विमानतळाच्या शेजारचे. टर्मिनलसाठी टेकडी कापलेली, नदी वळवलेली आणि गावं उठलेली आमच्या डोळ्यांदेखत झालंय, त्यामुळे कमळ सुंदर की नाही या वादात मी पडत नाही, तो आमच्यासाठी फार महागाचा विषय आहे. फक्त एवढं सांगतो की टर्मिनलचं डिझाईन दारापाशी सुरू होत नाही, घरापासून सुरू होतं. मुंबईचं टी२ २०१४ ला उघडलं आणि त्याच्या दाराशी मेट्रो ३ चं स्टेशन आलं २०२४ च्या ऑक्टोबरला. दहा वर्षं! मेट्रो १ त्याच २०१४ ला सुरू झाली, अंधेरीहून जवळून जाते पण टर्मिनलला टेकत नाही, उतरा आणि रिक्षा पकडा. दोन नकाशे दोन टेबलांवर, दुसरं काय. आता इथे पहिल्या टप्प्यात वर्षाला दोन कोटी आणि शेवटी नऊ कोटी प्रवासी म्हणतात, ते सगळे अटल सेतूवरून कॅब करून येणार का? ठाणे, कल्याण, पुण्याचा माणूस बॅगा घेऊन कुठल्या लोकलने येतो आणि फलाटापासून चेकइनपर्यंत किती जिने चढतो, ते चित्र मला कमळाच्या शेजारी लावलेलं बघायचंय.

बायनरी बाबूराव
पुण्याचा माणूस पुण्यातूनच उडेल ना, तिकडे पण २०२४ ला नवीन टर्मिनल झालं.

मु.पो. तळेगाव
टर्मिनल झालं हो, पण धावपट्टी हवाई दलाची. इमारत तिप्पट केली म्हणून विमानं तिप्पट उतरत नाहीत. मुंबईत पण तेच, दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदणाऱ्या, एका वेळी एकच वापरता येते. आपण इमारतीच्या फिती कापतो कारण धावपट्टीचा फोटो चांगला येत नाही.

वीट_आणि_चुना
शेवटचं लिहितो, उद्या साईटवर जायचंय. तुम्ही म्हणता सौंदर्यावरचा पैसा वाचवून मेट्रोला द्या. असा पैसा इकडून तिकडे जात नसतो, दोन्ही वेगळ्या खिशातले आहेत. सौंदर्य काढलंत तर मेट्रो मिळणार नाही, नुसतं कुरूप टर्मिनल मिळेल आणि मेट्रो दहा वर्षांनीच येईल. टी२ च्या त्या कलाभिंतीवर हजारो जुन्या वस्तू आहेत, ज्याने आयुष्यात म्युझियमचं तिकीट काढलेलं नाही तो माणूस दुबईला कामाला जाताना ते बघत जातो. हे मला फालतू वाटत नाही. बंगळुरूच्या टी२ मधला बांबू आणि टांगलेल्या बागा बघा, तिथे तीन तास लेट झालं तरी माणूस कमी भांडतो.

मु.पो. तळेगाव
भांडतो, मी भांडलोय :D

कळव्याची काकू
बाकाचं कोणीच बोललं नाही पुढे. असो. बेल्टखालचे भाऊ, एक विचारायचं होतं, मे महिन्यात लेकीकडे दुबईला जातेय, हापूसची पेटी चेकइनमध्ये टाकली तर नीट पोचते का? मागच्या वेळी खोका उघडलेला मिळाला.

बेल्टखालचा
काकू, लाकडी पेटी नको, पुठ्ठ्याचा जाड खोका घ्या आणि सुतळीने अजिबात बांधू नका, लोंबणारी दोरी रोलरमध्ये अडकते आणि तिथेच खोका फाटतो. चारी बाजूंनी रुंद टेप मारा. टॅग टेपखाली जाऊ देऊ नका, वरच्या सपाट बाजूला लावून घ्या, नाहीतर माझ्यासारख्या कोणाला तरी हाताने वाचावा लागेल. आणि आंबे थोडे कच्चेच घ्या, वरून कुठली बॅग पडेल सांगता येत नाही.