अनुभव धागा: आले-सुंठेने खरोखर गुण कशात येतो?

कुळागरवाली, फोंडा
पाऊस धरला की आमच्या घरी कसायाचे भांडे चुलीवरून उतरत नाही. धणे, जिरे, मिरी आणि ठेचलेले आले. शिंक आली, कसाय. पोट दुखले, कसाय. म्हणून विचारते, आल्याने तुम्हाला नक्की कशात उतार पडला? ‘रामबाण’ वगैरे नको. त्रास काय होता, कसे घेतले, तेवढे लिहा. गुण आला नसेल तर तेही लिहा.

साखळीकर
नोकरीपायी चोर्ला घाटातून बेळगावला सतत जावे लागते. वळणे सुरू झाली की पोट ढवळते. लिंबू हुंगणे, पुढची सीट पकडणे, सगळे करून झाले. आता आल्याच्या पातळ काचऱ्या लिंबाच्या रसात सैंधव घालून मुरवतो. बस सुटायच्या अर्धा तास आधी थोड्या चघळायच्या, घाट लागला की पुन्हा. मळमळ पुरती जात नाही, पण उलटी थांबली. मोबाइलमध्ये डोके घातले तर मात्र आलेही हात टेकते.

औषधवाली, पणजी
साखळीकर, तुमचे म्हणणे चाचणीशी जुळते. १९८८ साली डेन्मार्कमध्ये ८० नौदल कॅडेटांवर खवळलेल्या समुद्रात प्रयोग झाला. काहींना एक ग्रॅम सुंठपूड, काहींना नुसतीच औषधासारखी दिसणारी पूड. सुंठवाल्यांना उलट्या कमी झाल्या, मळमळीत मात्र ठामपणे सांगण्याजोगा फरक दिसला नाही. आल्याच्या बाजूने बरा पुरावा आहे तो मळमळ-उलटीपुरताच. सर्दीत कसायाने घसा शेकतो, बरे वाटते, तेवढ्यासाठी खुशाल प्या. सर्दी त्याने बरी होते असे मी दुकानात कोणाला सांगत नाही.
आणि रक्त पातळ करायची गोळी, म्हणजे वॉरफरिनसारखी, चालू असेल तर सुंठेच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. हुमणातल्या, भाजीतल्या आल्याची काळजी करू नका.

दिवाडची सून
दिवस गेले होते तेव्हा फेरीबोटीच्या डिझेलचा वास आला की संपलेच. पलीकडे पोचेपर्यंत तोंडावर पदर. सासूबाई म्हणायच्या, “मीठ लावून चाबून खा गो!” मला धाकधूक, म्हणून डॉक्टरीणबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, दिवसभरात मिळून एक ग्रॅम सुंठेच्या आसपास ठेवा, त्यापुढे नको. पहाटे अंथरुणातच कुरमुरे आणि आल्याचा तुकडा, मग उठायचे. सकाळची उलटी बरीच कमी झाली, संध्याकाळची नाही. बाळंतपणानंतर माडाच्या गुळातले सुंठीचे लाडू आले, ते औषध म्हणून नव्हे, आवडले म्हणून खाल्ले!

म्हापशेकर
मला आले सोसत नाही. उपाशीपोटी आल्याचा चहा घेतला की छातीत जळजळ. पित्ताच्या माणसाला ‘घे रे, पाचक असते’ म्हणून आग्रह करणाऱ्यांनी जरा दमाने घ्यावे. जेवणात शिजलेले चालते.

कुळागरवाली
म्हापशेकर, तुम्हाला सुंठ तर आणखीच बाधेल. आले वाळताना त्यातल्या जिंजेरॉल या तिखट द्रव्याचे शोगाओल होते आणि ते जास्त जहाल. आमच्याकडे पावसाच्या तोंडावर लावतात, पाने पिवळी पडली की डिसेंबर-जानेवारीत काढतात. साल खरवडून उन्हात वाळवायचे. किलोभर आल्याची जेमतेम पावकिलो सुंठ होते, म्हणून ओल्या आल्याइतकीच सुंठ कसायात ढकलू नये. चिमूटभर पुरते.

साखळीकर
आंबेहळद चालेल का घाटासाठी? दिसायला सारखीच.

औषधवाली, पणजी
नको. ती हळदीच्या जातीची, वास कैरीचा. लोणच्याला छान.

दिवाडची सून
पावसात आले बुरशी धरते, ते कसे टिकवता?

कुळागरवाली
मडक्यात किंचित दमट वाळू, त्यात पुरून. अंकुर फुटला तर तो तुकडा परसात लावून टाका.