गुडघा दुखत असताना पहिली ट्रायथलॉन

गुडघा सुजलाय, तर स्प्रिंट ट्रायथलॉनमधून (ट्रायथलॉनचा छोटा प्रकार) नाव मागे घ्यावं का, असं विचारलंय तुम्ही. सूज असेल तर घ्याच. सूज उतरून फक्त जिना उतरताना कळ येत असेल, तर माझा अनुभव सांगते. स्प्रिंट म्हणजे सलग ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर धावणं. मी फिजिओच्या सल्ल्याने ६ आठवडे धावलेच नाही. दादरच्या तलावात फ्रीस्टाइलच केलं. ब्रेस्टस्ट्रोकच्या लाथेने गुडघा पिळवटतो. पहाटे मरीन ड्राइव्हवर सायकल, हलक्या गिअरवर. सीट जरा उंच केली आणि गुडघ्याच्या पुढची कळ निम्मी झाली (हे आधी कळायला हवं होतं!). शर्यतीत सायकलवरून उतरल्यावर पाय लाकडासारखे होतात, तेव्हा जोर लावू नका. मी ४ मिनिटं धाव, १ मिनिट चाल असं केलं. दुसऱ्या दिवशी जिना न कण्हता उतरले, फार आनंद झाला.