३१व्या मजल्यावर आग लागली तर बंबवाले नेमके पोचतात कसे?

मजला_एकतीस:

नमस्कार मंडळी, जाणकारांनी जरा उजेड पाडा. आम्ही लोअर परळच्या एका टॉवरमध्ये राहायला आलोय, ३१वा मजला. वारा छान, समुद्र दिसतो, सगळं छान. परवा समोरच्या टॉवरमध्ये एसीच्या आउटडोअर युनिटला आग लागली, मजला १४-१५ असेल. बंब लगेच आले, मागून ती मोठी शिडीची गाडीपण आली पण गेटच्या आत रांगेने गाड्या लावलेल्या, ती गाडी वळेचना. शेवटी जवान लोक पाठीवर सिलिंडर आणि खांद्यावर पाइप घेऊन आत घुसले आणि थोड्या वेळाने धूर थांबला पण. म्हणजे शिडी वापरलीच नाही!

तर प्रश्न असा की मुंबईत ९० मीटरची शिडी आहे म्हणतात, ३ मीटरचा मजला धरला तर ती ३० मजल्यापर्यंत जाणार. आम्ही ३१ वर. नवरा म्हणतो एकच मजला तर उतरायचाय, त्यात काय. विनोद सोडा, खरंच वरच्या मजल्यांना काही झालं तर ते लोक करतात काय? घरी सासूबाई आहेत, गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय, ३१ जिने उतरणं त्यांना शक्य नाही. सोसायटीत विचारलं तर "सगळी सिस्टिम आहे मॅडम" एवढंच उत्तर.

जुना_भायखळेकर:

ताई, आधी तो ९० भागिले ३ चा हिशेब डोक्यातून काढा. माझे थोरले काका फायर ब्रिगेडमधून स्टेशन ऑफिसर म्हणून रिटायर झाले, आमचं अर्धं बालपण क्वार्टर्समध्ये गेलं त्यामुळे थोडंफार कानावर आहे. शिडीची गाडी भिंतीला चिकटून उभी राहत नाही, तिला चारी बाजूंनी जॅक टाकायला रुंद, सपाट आणि तेवढं वजन पेलणारी जागा लागते, म्हणजे ती बिल्डिंगपासून लांब उभी राहते आणि शिडी तिरकी जाते. तिरकी गेली की उंची कमी झाली. त्यात तुमच्याकडे खाली पोडियम असणार, त्यावर पार्किंगचे ४-५ मजले, म्हणजे तुमचा ३१वा मजला जमिनीपासून ३१ मजल्यांवर नाहीच, अजून वर आहे. वर झाडं, वायरी, गणपतीचा मंडप, ज्या महिन्यात जे असेल ते.

शिडीला नावं ठेवत नाहीये हां मी. २०१९च्या जुलैमध्ये वांद्र्याला एमटीएनएलच्या बिल्डिंगला आग लागली तेव्हा गच्चीवर अडकलेल्या ८४ लोकांना खाली आणलं ते शिड्यांनीच. पण ती बिल्डिंग ९ मजल्यांची. उंच टॉवरमध्ये आग आतूनच विझवायची असते, जगभर तसंच आहे. शिडी ही बाहेर अडकलेल्या माणसाला काढायला किंवा बाहेरून पाण्याचा मारा करायला.

आत कसं जातात ते सांगतो. वर्दी आली की गाड्या निघतात (काका अजूनही "कॉल" म्हणत नाहीत, "वर्दी" च म्हणतात). पोचल्यावर पहिली टीम फायर लिफ्टचा ताबा घेते. खाली लॉबीत काचेमागे एक स्विच असतो तो दाबला की लिफ्ट खाली येते आणि मग ती फक्त त्यांच्या हुकमावर चालते. पण लिफ्टने ते थेट आगीच्या मजल्यावर कधी जात नाहीत, दोनेक मजले खाली उतरतात आणि पुढचं जिन्याने. दार उघडलं आणि समोरच धूर असला तर लिफ्टमधल्यांना पळायला जागाच नाही ना. मग आगीच्या खालच्या मजल्यावर पाइप जोडायचा, तिथून पाणी भरून घेत वर चढायचं.

आता ते सिलिंडर. लोकांना वाटतं ऑक्सिजन असतो, साफ चूक, साधी हवा असते दाबून भरलेली. ६.८ लिटरचं सिलिंडर ३०० बारला (बार म्हणजे दाबाचं माप) भरलं की साधारण २००० लिटर हवा. कागदावर ती ४५-५० मिनिटं पुरते. पण अंगात जाड सूट, गमबूट, हेल्मेट, खांद्यावर होज, हातात कुऱ्हाड नाहीतर कटर, सगळं मिळून वीस-पंचवीस किलो अंगावर आणि जिना चढतोय म्हटल्यावर माणूस दुप्पट हवा ओढतो, म्हणजे राहिली अर्धा तास किंवा त्याहून कमी. त्यातली परत यायला पण ठेवायची. प्रेशर ५०-५५ बारवर आलं की शिट्टी वाजायला लागते, ती वाजली की बाहेर, मग आत काही का असेना. म्हणूनच मास्क तोंडाला आधीपासून लावत नाहीत, धुराच्या तोंडाशी जाऊन लावतात. बाहेर एक जण बोर्ड घेऊन उभा असतो, कोण किती वाजता आत गेला, सिलिंडरला प्रेशर किती होतं, कधी परत यायला पाहिजे ते लिहून ठेवतो. काका म्हणायचे आत जाणाऱ्यापेक्षा त्या बोर्डवाल्याला जास्त टेन्शन.

आणि अंगावर एक छोटं यंत्र लावलेलं असतं, माणूस काही सेकंद हललाच नाही की ते जोरात बोंबलायला लागतं, म्हणजे पडला असेल तर धुरात आवाजावरून शोधता येतो. हल्ली थर्मल कॅमेरे पण आलेत, धुरापलीकडचं दिसतं.

एवढं सगळं असूनही ही नोकरी काय आहे ते २०१५ ला काळबादेवीला दिसलं. गोकुळ निवास, जुनी लाकडी इमारत, अरुंद गल्ली, आग विझवताना इमारत कोसळली आणि सुनील नेसरीकर, सुधीर अमीन, संजय राणे, महेंद्र देसाई हे चार अधिकारी गेले. नेसरीकर साहेब तर दलाचे प्रमुख होते. त्या दिवशी काका जेवले नाहीत.

पंपवाला:

वरचं सगळं बरोबर, पण मुद्द्याची गोष्ट राहिली. मी फायर सिस्टिमच्या मेंटेनन्समध्ये आहे, ठाण्यापासून कुलाब्यापर्यंत बिल्डिंगी बघतो. ताई तुमच्या ३१व्या मजल्यावर जवान होज घेऊन पोचला, पण होजमध्ये पाणी कुठून येणार? रस्त्यावरच्या बंबातून नाही. पाणी १० मीटर वर चढवायला साधारण १ बार प्रेशर खर्च होतं. तुमचा मजला १०० मीटर धरा, झाले १० बार फक्त चढायला. वर नोझलला पाणी फेकायला किमान साडेतीन बार पाहिजे. बंबाचा पंप नेहमी चालवतात ७ बारच्या आसपास. ताणून वाढवता येतं पण प्रत्येक होज आणि प्रत्येक जॉइंट तेवढं सहन करेल याची खात्री कोण देणार.

म्हणजे तुमच्या मजल्यावरची आग विझवणारं खरं यंत्र भायखळ्याच्या फायर ब्रिगेड मुख्यालयात नाहीये, तुमच्या बेसमेंटमध्ये आहे. खाली टाकी, तिच्यावर मेन पंप, लाइट गेली तर डिझेल पंप आणि एक छोटा जॉकी पंप जो पाइपात प्रेशर कायम धरून ठेवतो. जिन्याजवळ तो लाल उभा पाइप दिसतो ना, त्यात सतत दाबलेलं पाणी असतं. कोणी वरचा व्हॉल्व्ह उघडला की प्रेशर पडतं आणि मेन पंप आपोआप सुरू. जवान आपला होज त्या लाल पाइपलाच लावतो. बंब खाली गेटजवळच्या इनलेटला जोडतात तो या सिस्टिमला मदत म्हणून.

आता खरी गंमत सांगतो. दहातल्या कितीतरी सोसायट्यांत मी जातो तेव्हा पॅनलवरचा स्विच "ऑटो" वर नसतोच. "मॅन्युअल" नाहीतर सरळ "ऑफ". का, तर कुठेतरी पाइप गळतोय, त्यामुळे प्रेशर उतरतं, रात्री दोनला पंप ढणढण सुरू होतो आणि पहिल्या मजल्यावरचे आजोबा सेक्रेटरीला फोन करतात. गळती काढायला खर्च, स्विच फिरवायला फुकट. मग आग लागली की वॉचमनने बेसमेंटमध्ये धावत जाऊन पंप चालू करायचा, तो बिचारा मागच्याच आठवड्यात एजन्सीकडून आलेला, त्याला पॅनल कुठल्या खोलीत आहे तेच माहीत नाही.

दुसरं म्हणजे होज बॉक्स. उघडून बघा एकदा. नोझल आणि कपलिंग पितळ-गनमेटलचं असतं, भंगारात भाव मिळतो, गायब होतं. होज उंदरांनी खाल्लेला. वरून मस्त लाल रंग दिलेला.

सचिव_बिचारा:

आलात का शेवटी सेक्रेटरीवर! मी पण सेक्रेटरी आहे, २२ मजल्यांची बिल्डिंग, दादरला. पंपवाले भाऊ तुमचं कोटेशन जनरल बॉडीत ठेवलं की काय होतं माहितेय का? लॉबीच्या इटालियन मार्बलला पाच मिनिटांत मंजुरी, फायर पाइप बदलायचं म्हटलं की "तीन कोटेशन आणा, पुढच्या मीटिंगला बघू". आणि जिन्यातली फायर डोअर्स, जी बंदच राहायला पाहिजेत, तिथे लोक कुंडी लावून दार उघडं ठेवतात कारण हवा येत नाही. शू रॅक जिन्यात, सायकल जिन्यात, एकाचं तर जुनं कपाट जिन्यात. नोटीस लावली तर ग्रुपवर माझ्यावरच मिम.

बाकी वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, लायसन्सवाल्या एजन्सीकडून सिस्टिम चालू असल्याचा बी फॉर्म द्यावा लागतो. मेंबरला तो बघायचा पूर्ण हक्क आहे. ताईंनी "सिस्टिम आहे का" विचारायच्या ऐवजी "शेवटचा बी फॉर्म दाखवा" असं विचारावं. चेहऱ्यावरूनच कळेल.

पंपवाला:

सेक्रेटरी साहेब रागावू नका, तुमच्यासारखा बी फॉर्मचं नाव तरी काढणारा मला वर्षातून एखादाच भेटतो. पण फॉर्म असला म्हणजे पंप चालतो असंही नाही, काही एजन्स्या बेसमेंट न बघताच सही करतात, आमच्या धंद्यातलीच घाण आहे ही. त्यापेक्षा एखाद्या रविवारी चार मेंबर घेऊन वरच्या मजल्याचा व्हॉल्व्ह उघडायला लावा, पाणी किती जोरात येतं बघा आणि खाली पंप आपोआप चालू झाला का बघा. वीस मिनिटांचं काम.

मजला_एकतीस:

बापरे, तुम्ही लोकांनी झोप उडवली. भायखळेकर आणि पंपवाले भाऊ, खूप आभार. पण माझा मेन प्रश्न राहिला, सासूबाईंना घेऊन मी काय करू? खाली जाऊ, गच्चीवर जाऊ की घरातच थांबू? आमच्या ग्रुपवर तिन्ही सल्ले मिळालेत, एकाने तर बाथरूममध्ये ओला टॉवेल घेऊन बसा सांगितलंय.

थेम्सकाठची_नीता:

घरातच थांबा हा सल्ला इकडे लंडनमध्ये वर्षानुवर्षं देत होते. कल्पना अशी की फ्लॅटच्या भिंती आणि दारं आग अडवतात, तुमच्या घरात आग नसेल तर तुम्ही सुरक्षित. बहुतेक आगींत ते खरंही ठरतं. पण २०१७च्या जूनमध्ये ग्रेनफेल टॉवरला, २४ मजली, बाहेरून लावलेल्या क्लॅडिंगनेच (भिंतींवर बसवलेल्या पॅनलच्या आवरणाने) पेट घेतला आणि आग बाहेरून खिडक्याखिडक्यांतून आत शिरली. रात्री एकच्या सुमाराला सुरू झाली, आणि घरात थांबा हा सल्ला मागे घेईपर्यंत पावणेतीन वाजले. ७२ माणसं गेली. तेव्हा लंडनच्या दलाकडे एवढी उंच शिडीच नव्हती, ४२ मीटरची गाडी शेजारच्या सरी काउंटीतून मागवली. नंतर ६४ मीटरच्या घेतल्या. पण इथेही चौकशीत भर शिडीवर नव्हता, बिल्डिंगला काय चिकटवलं होतं आणि लोकांना वेळेत बाहेर का काढलं नाही यावर होता. मुंबईत काचेच्या आणि पॅनलच्या इमारती बघते तेव्हा धस्स होतं, खरं सांगते.

जुना_भायखळेकर:

बाथरूमचा सल्ला देणाऱ्याला आधी ग्रुपमधून काढा. २०१७च्या डिसेंबरात कमला मिलला १४ जण गेले, त्यातले बरेच जण टॉयलेटमध्ये सापडले, गुदमरून. माणूस जळून कमी आणि धुराने जास्त मरतो. बाथरूमला दुसरी वाट नसते.

तुमच्यासाठी रेफ्युज एरिया आहे ताई. आपल्याकडच्या नियमांत साधारण २४ मीटरच्या वर पहिला आणि मग दर सातव्या मजल्याला एक मोकळा भाग ठेवावा लागतो, बाहेरच्या बाजूने उघडा, जवानांना माहीत असतं की लोक तिथे जमणार. म्हणजे सासूबाईंना ३१ मजले उतरवायचे नाहीत, जास्तीत जास्त सहा. तुमचा जवळचा कुठल्या मजल्यावर आहे ते आजच बघा आणि तिथे योगा क्लास, भंगार किंवा कोणाचं जिम नाही ना ते पण बघा, हे मी चेष्टेने म्हणत नाहीये. आग तुमच्या घरात किंवा तुमच्याच मजल्यावर असेल तर घराचं दार ओढून घ्या, कुलूप लावू नका, आणि जिन्याने खाली त्या रेफ्युजला जा, लिफ्ट नाही. जिन्यात धूर भरलेला असेल तर परत घरात, दाराच्या फटीला ओले कपडे, रस्त्याच्या बाजूच्या खिडकीशी उभं राहायचं आणि १०१ ला फोन करून मजला आणि फ्लॅट नंबर सांगायचा. तोच नंबर जवानांपर्यंत पोचतो. गच्चीवर जाऊ नका, धूर वरच चढतो आणि आपल्या बिल्डिंगांत गच्चीला बहुतेक वेळा कुलूप असतं. वांद्र्याला ते लोक वाचले कारण गच्ची शिडीच्या टप्प्यात होती.

आणि एक, सासूबाईंना घेऊन एकदा त्या रेफ्युजपर्यंत सावकाश चालून बघा. किती वेळ लागतो, कुठे कठडा नाही, कुठल्या पायरीला त्या अडतात ते आत्ता कळू दे.

मजला_एकतीस:

बघून आले. २८ वर आहे. मोकळा आहे पण दोन सोफे आणि एक ट्रेडमिल. दार नुसतं ढकलून उघडतं. पंपवाले भाऊ, अजून एक, आमच्या हॉलमध्ये इंटिरियरवाल्याने फॉल्स सीलिंग करताना स्प्रिंकलर झाकलेत, म्हणाला "चुकून सुटला तर सगळ्या घरात पाणी होईल". खरंय का?

पंपवाला:

नाही हो. पिक्चरमध्ये दाखवतात तसं एका काडीने सगळे एकदम सुटत नाहीत. प्रत्येक स्प्रिंकलरला काचेची बारीक नळी असते, लाल असेल तर ६८ डिग्रीला फुटते, आणि ज्याची फुटली तोच सुटतो, बाकीचे गप्प. बऱ्याच आगी एक-दोन स्प्रिंकलरमध्येच आटोक्यात येतात, जवान वर पोचायच्या आधी. तुमचे सीलिंगच्या वर गेले म्हणजे खालची उष्णता त्यांना कळणारच नाही, आणि सुटले तरी पाणी पीओपीवर पडणार. सोसायटीच्या एजन्सीला सांगून पाइप खाली वाढवून हेड सीलिंगच्या खाली घ्या, इंटिरियरवाल्याला हात लावू देऊ नका, आणि परत घराला रंग देताना पेंटरला त्या काचेवर ब्रश फिरवू देऊ नका, रंग बसला की ते हेड बदलावंच लागतं. खर्च सोफ्यापेक्षा कमी येईल. ते २८ वरचे सोफे कोणाचे आहेत ते मात्र सेक्रेटरींनाच विचारा.