खरी गोची ऑक्सिजनच्या बाजूला
विजेने पाणी फोडून हायड्रोजन बनवायचा विषय निघाला की "प्लॅटिनमला (हायड्रोजनच्या बाजूचा महाग उत्प्रेरक) स्वस्त पर्याय सापडला की झालं" असं म्हटलं जातं, पण माझ्या मते खरी गोची ऑक्सिजनच्या बाजूला आहे. तिथे ऑक्सिजनच्या एका रेणूमागे चार इलेक्ट्रॉन काढायचे, त्यामुळे पाणी फोडायला लागणाऱ्या पुस्तकातल्या किमान १.२३ व्होल्टवर भागत नाही, आणि अ‍ॅसिडमध्ये तर उत्प्रेरक म्हणून महागडं इरिडियमच त्यातल्या त्यात टिकतं. अल्कलीत साधं निकेल चालतं, पण त्यातही गंमत बघा, लोक निकेललाच हिरो समजत होते आणि १९८७ मध्ये कॉरिगन नावाच्या संशोधकाने दाखवलं की द्रावणात अशुद्धी म्हणून आलेलं किंचित लोखंड इलेक्ट्रोडमध्ये शिरतं आणि सगळा जोर त्याचा! कचराच कामाचा निघाला की राव. फक्त तासाभराचा ग्राफ बघून खुश होऊ नका, हजार तासांनी ते लोखंड जागेवर राहतं का ते विचारा.