मदत हवी आहे: फ्रान्समध्ये सीएनआरएसची पीएचडी, मंजुरी येण्याआधीच इकडचं काम सोडू का?

नमस्कार मंडळी,

पुण्यातून फिजिक्समध्ये एम.एस्सी. झाले आहे, सध्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. ग्रनोबलमधल्या एका प्रयोगशाळेतून पीएचडीसाठी होकार आलाय. विषय चुंबकत्व. लुई नेएल यांनी (1970 चं नोबेल) तिथे या विषयाचं ठाणंच उभं केलं, त्यामुळे जागा सोडवत नाही.

करार तीन वर्षांचा, पगार सीएनआरएस (फ्रान्सची सरकारी संशोधन संस्था) देणार, पण पदवी विद्यापीठाची. मुंबईची टीआयएफआर ही संशोधन संस्था कशी स्वतःची पदवी देते, तसं इथे नाही. बाबांनी मात्र "पोरीला फ्रान्स सरकारची नोकरी लागली" असं नातेवाइकांत सांगूनही टाकलंय. त्यांना कोण आवरणार!

खरी अडचण पुढेच आहे. लॅब ‘झेडआरआर’, म्हणजे प्रवेशावर निर्बंध असलेल्या विभागात येते. सुरक्षा अधिकाऱ्याची मंजुरी आल्याशिवाय यजमानपत्र (लॅबने बोलावल्याचं अधिकृत पत्र) नाही, आणि त्याशिवाय व्हिसा नाही. मंजुरीला दोन महिनेही लागतात म्हणे. रुजू व्हायचंय 1 ऑक्टोबरला, आणि कॉलेजला पुढच्या वर्षाचं होय-नाही जूनमध्येच कळवायचंय. यातून कोणी गेलंय का? नकार आला तर कारण तरी कळवतात का?

आणखी एक: महिन्याच्या 2300 युरो पगारातले हातात किती पडतात?

प्रतिसाद

अभिनंदन! पदवीची काळजी सोडा. सीएनआरएसच्या बहुतेक लॅब विद्यापीठांबरोबर सामायिकच असतात, तिथे सगळ्यांचं असंच होतं. बाबांना सांगा, कायमची नोकरी पीएचडीनंतर, दरवर्षीच्या स्पर्धेतून. परदेशी माणसालाही ती देता येते.

झेडआरआरचा अर्ज लॅबच भरते. तुमचा पासपोर्ट, सीव्ही आणि विषयाचा गोषवारा आजच पाठवून द्या, कारण उशीर बहुधा तिथेच होतो. नकाराचं कारण सांगत नाहीत. म्हणून मंजुरी हातात पडेपर्यंत कॉलेजला नाही म्हणू नका. मध्येच सोडावं लागेल, एवढं विभागप्रमुखांच्या कानावर घालून ठेवा.

पगारातला साधारण पाचवा हिस्सा कापला जातो. त्यातच आरोग्यविमा येतो, पण त्याच्या नोंदणीला जन्मदाखला लागतो. तो आत्ताच काढून बघा. आपल्याकडच्या जुन्या दाखल्यांवर बाळाच्या नावाची जागा कोरीच असते. तशी असेल तर आधी महापालिकेतून नाव घालून घ्या, मग अपोस्टिल (दाखला परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का) आणि शेवटी फ्रेंच भाषांतर.