बाईंनी माझ्यासाठी केलं तेच मी केलं, आणि पोरगं शाळेत यायचं थांबलं

तुरकाडी:
मी डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. बीड जिल्ह्यात, जिल्हा परिषदेच्या एका शाळेवर इंटर्नशिप चालू आहे. तीन दिवसांपासून मनाला लागलेली एक गोष्ट इथे लिहिते.

माझे आईवडील ऊसतोडीला जायचे. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेले असायचे, दिवाळीच्या पुढेमागे टोळी निघायची. एरवी मी आजीजवळ गावातच राहायचे. तिसरीला असताना मात्र मलाही नेलं, कारण धाकटा भाऊ आठ महिन्यांचा होता आणि कोपीत, म्हणजे तिथल्या झोपडीत, त्याला सांभाळायला कुणीतरी हवं होतं. कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, एप्रिलमध्ये परत आले तेव्हा जोडाक्षरं पार विसरले होते. वर्गात अगदी दाराशी बसायचे.

एके दिवशी गणिताच्या तासाला बाईंनी मला फळ्याजवळ बोलावलं. "एका मोळीत किती ऊस बांधता गं?" मी म्हणाले, बारा. "आईनं आठ मोळ्या ट्रॉलीत टाकल्या, तर ऊस किती झाले?" मी उभ्या उभ्या सांगितलं, शहाण्णव. बाराचा पाढा मला येत नव्हता. कोपीच्या दारात बसून मोळ्या मोजायची सवय तेवढी होती. बाईंनी खडू माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "कसं काढलंस ते यांना दाखव." तो खडू ओलसर होता, त्यांच्या हाताला घाम यायचा. शिक्षिका व्हायचं मी तेव्हाच ठरवलं.

आता चौथीत एक मुलगा नुकताच फडावरून, म्हणजे ऊसतोडीवरून, परत आलाय. मंगळवारी माझा गुणाकाराचा पाठ होता. टाचण काढतानाच ठरवलं होतं, याला पुढे बोलवायचं आणि मोळीचंच उदाहरण घ्यायचं. बोलावलं. तो आला, पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिला. मागून कुणीतरी "ए कोयता!" म्हणालं (ऊसतोडीवाल्यांना इकडे कोयताच म्हणतात), वर्ग हसला. तो जागेवर जाऊन बसला आणि दुसऱ्या दिवसापासून शाळेत नाही. पाठाला मला चांगला शेरा मिळालाय, त्याचं तर जास्तच वाईट वाटतं.

बाईंनी माझ्यासाठी जे केलं ते मी शब्दन् शब्द केलं. मग चुकलं कुठे?

माणदेशी गुरुजी:
पोरी, एकतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालोय, म्हणून हक्कानं बोलतो. तुला आठवतायत ती दहा मिनिटं. त्याआधी बाईंनी काय काय केलं असेल, ते तिसरीतल्या पोरीला दिसणारच नाही. दुसरं, तुझ्या वेळी वर्गात कोयत्याची पोरं किती होती? निम्मी असतील तर तू त्यांच्यातलीच एक होतीस. हा पोरगा एकटा आहे का, ते बघ. एकट्या पोराला सगळ्यांदेखत त्याच्या आईबापाचं काम विचारलं, की ते त्याला उघडं पाडल्यासारखं वाटतं. तुझा हेतू चांगला होता हे त्याला कसं कळणार?

बाई हयात असतील तर आज फोन कर. उद्यावर टाकू नकोस.

डहाणूकर:
मी पालघर जिल्ह्यात शिकवते, त्यामुळे मला इथेच बालशिक्षणाचं काम केलेल्या अनुताई वाघ आठवल्या. ताराबाई मोडक भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर काम करून आल्या होत्या. 1945 साली त्यांनी बोर्डीला बालशिक्षणाचं काम उभं केलं, तेव्हा पुण्यात शिक्षिका असलेल्या अनुताई त्यांच्याकडे आल्या. आदिवासी मुलं बालवाडीत येईनात, म्हणून बालवाडीच पाड्यावर, घरांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द त्यातूनच आला. पुढे कोसबाडला जरा मोठी मुलं गुरांमागे जायची, शाळेत कशी येणार? मग कुरणशाळा निघाली, जिथे गुरं तिथेच शाळा.

बघा ना, अंगणवाडी आणि कुरणशाळा दिसायला किती वेगळ्या! पण मूल का येत नाही हे दोन्हीकडे आधी बघितलं, आणि मग शाळा उठून त्याच्याकडे गेली. तुमच्या बाईंनी तुम्हाला मोळीचं गणित घातलं ते तुमच्याकडे बघून. हा मुलगा वेगळा आहे. त्याच्याकडे बघा, मोळी राहू द्या.

हजेरीपट:
एक कामाचं सांगतो. त्याच्याकडे शिक्षण हमी पत्रक आहे का विचारा. स्थलांतरित मुलांना ते देतात. कारखान्याजवळच्या शाळेत गेला असेल तर काय शिकला याची त्यात नोंद सापडेल. आणि वर्गशिक्षकांना लगेच सांगा. तो आपोआप येईल म्हणून वाट बघत बसू नका.

तुरकाडी:
सगळ्यांचे आभार. गुरुजी, तुमचं खरं निघालं. आमच्या वर्गात निम्म्याहून जास्त मुलं फडावर जाणारी होती. आता बरीच मुलं हंगामी वसतिगृहामुळे गावातच राहतात. या वर्गात तिकडे गेलेला हा एकटाच.

काल रात्री बाईंना फोन केला. मोळीचा तास त्यांना आठवतच नव्हता! मी सांगितल्यावर म्हणाल्या, "ते असेल गं. पण त्याच्याआधी मी तुझ्या आजीकडे तीनदा येऊन गेले होते. तू आत भावाला झोपवत होतीस. मोळ्यांचं आजीनंच सांगितलं मला, पोरगी दिवसभर मोजत बसायची म्हणून." मला यातलं काहीच माहीत नव्हतं. आजी जाऊन सहा वर्षं झाली, तीही कधी बोलली नाही.

सकाळची शाळा सुटल्यावर वर्गशिक्षकांना सांगून आज त्याच्या घरी गेले. आई धुणं वाळत घालत होती. "मॅडम, ह्यानं काय केलं का?" हा तिचा पहिला प्रश्न. मी म्हणाले, यानं काही केलं नाही, चूक माझी झाली. पत्रक नव्हतं. तिकडच्या शाळेत तो आठ-दहा दिवस गेला आणि मग बहिणीला सांभाळायला थांबला. मी ओट्यावर बसले, अभ्यासाचं काही काढलं नाही. बऱ्याच वेळानं तो आतून एक ट्रॅक्टर घेऊन आला. काडेपेटीचा, चाकांना बाटलीची झाकणं, मागे दोन ट्रॉल्या. मागच्या ट्रॉलीची दोरी सैल होती, ती त्यानं माझ्यासमोर दातानं ओढून बांधली. ट्रॉली वळणावर का उलटते, हे मला पंधरा मिनिटं समजावून सांगत होता.

उद्या येतोस का, असं मी विचारलं नाही. निघताना तोच म्हणाला, "शाळेत ट्रॅक्टर आणला तर चालतो का?" मी म्हणाले, चालतो. आई म्हणाली, पोरं मोडतील. तो जरा विचार करून म्हणाला, मग तुमच्याकडं ठेवा. ट्रॅक्टर आता माझ्या टेबलावर आहे, उद्या साडेसातला घेऊन जाणार आहे.