सोलापूर ते बेंगळुरू घरसामान स्वस्तात कसं न्यायचं?

जुळेसोलापूरची_सून
नमस्कार मंडळी, मिस्टरांना बेंगळुरूला नवीन नोकरी लागलीये आणि जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आम्हाला शिफ्ट व्हायचंय. कंपनी शिफ्टिंगचा एक रुपया देत नाहीये. सामान म्हणजे फ्रिज, वॉशिंग मशीन (फ्रंट लोड), दिवाण, गाद्या, आईने लग्नात दिलेलं लोखंडी कपाट, भांडी पुस्तकं धरून १५-२० खोकी आणि माझी स्कूटी. दोन पॅकर्सवाल्यांना विचारलं, एकजण घरी येऊन बघून गेला आणि ३८ हजार म्हणाला, दुसऱ्याने फोनवरच २२ सांगितले पण ५ हजार आत्ताच टाका म्हणतोय. २२ ऐकून मिस्टर खूश आहेत, मला मात्र धाकधूक वाटतेय. कोणी आपलं आपण नेलंय का? कसं नेलं, किती लागले, सगळं सांगा प्लीज.

यार्डातला_बाळू
अक्का, ३८ हजार कशाला घालवालाय. आधी गाडीवाल्याचा हिशोब समजून घ्या. १४ फुटी आयशर ट्रक लिटरला ७-८ किमी देते, विजापूर-होस्पेट-चित्रदुर्ग करत बेंगळुरू सव्वासहाशे किमी, म्हणजे एका बाजूला ८०-८५ लिटर डिझेल, नव्वदच्या भावाने साडेसात हजार झाले की. वर टोल, ड्रायव्हरचा भत्ता, दोन्हीकडची हमाली. आता गाडी सोलापूरची असली तर येताना तिकडनं माल मिळेल का नाही काय की, म्हणून मालक जायचं-यायचं दोन्ही धरून भाडं सांगतो. म्हणून गाडी बघायची ती केए पासिंगची, म्हणजे कर्नाटकातली, जी इकडं माल टाकून रिकामी परत चाललीय. तिला मिळेल ते वरचंच असतंय, भाडं निम्म्यावर येतं. ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात जाऊन नुसतं विचारा, बेंगळुरूची रिटर्न गाडी कधी लागते म्हणून.

पण तुमची तारीख लई वाईट आहे बघा. जानेवारीत इथल्या मार्केट यार्डात कांदा एवढा येतो की गाड्या पुरत नाहीत, आणि दक्षिणेला जाणारी रिकामी गाडी तेव्हा कांदाच भरणार, तुमचं दिवाण कोण घेतंय. त्यात संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा, नंदीध्वजाच्या मिरवणुकीत गावातनं ट्रक काढून दाखवा. एक महिना पुढं ढकलता आलं तर बघा.

चाटीगल्ली_ते_चेन्नई
बाळूशेठचं बरोबर आहे पण घरातल्या बाईमाणसाने गाडी अड्ड्यावर जाऊन भाव करत बसायचं म्हणजे अवघडच, आणि हिच्याकडे पूर्ण गाडीचं सामान पण नाहीये. त्यापेक्षा हुंडेकऱ्याकडे, म्हणजे ट्रान्सपोर्टवाल्याकडे टाका. आपल्याकडून चादरी टॉवेलच्या गाठी रोज बाहेर जातात, त्याच ट्रान्सपोर्टमध्ये पार्ट लोड (इतरांच्या मालाबरोबर थोडं सामान) घेतात, किलोवर भाडं, बिल्टी म्हणजे मालाची पावती करून देतात. मी दोनदा पाठवलंय. तोटा असा की गोडाऊन ते गोडाऊन असतं, तिथून घरापर्यंत तुमचा छोटा हत्ती टेम्पो तुम्हीच करायचा, आणि पोचायला चार दिवस पण लागतात आठ पण. गाद्यांसारखं हलकं पण जागा खाणारं सामान वजनावर घेत नाहीत, जागेवर भाडं लावतात, ते आधी विचारून घ्या. बिल्टीवर नग किती ते लिहून घ्या, प्रत्येक खोक्यावर मार्करने नंबर टाका, आणि "जुने घरगुती सामान" असं लिहायला लावा. वापरलेल्या घरसामानाला ई-वे बिल (माल नेताना लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद) लागत नाही, नियमातच सूट आहे. त्याच्या नावाने कोणी हजार-दोन हजार मागितले तर देऊ नका.

पुस्तकं मात्र पोस्टाने टाका. २०२५ मध्ये पुस्तकांसाठी ज्ञान पोस्ट सुरू झालंय, ५ किलोपर्यंतचं पाकीट १०० रुपये अधिक टॅक्स. अभ्यासाची, धार्मिक वगैरे पुस्तकं चालतात, आत जाहिरातीचं काही नको.

होटगीरोड_७८६
स्कूटी रेल्वेने पाठवा. उद्यान आणि कर्नाटक एक्स्प्रेस दोन्ही सोलापूरवरून बेंगळुरूला जातात. आरसी, इन्शुरन्स, ओळखपत्राची झेरॉक्स लागते, टाकी पूर्ण रिकामी पाहिजे, आणि हँडल-आरसे-हेडलाइटला गोणपाट नीट गुंडाळा, स्टेशनबाहेर बांधून देणारे असतात. तिकीट असेल तर लगेज म्हणून त्याच गाडीला टाकता येतं, नसेल तर पार्सल. पार्सल कधी चढेल ते ब्रेकव्हॅनमध्ये (गाडीच्या सामानाच्या डब्यात) जागा किती त्यावर, माझी बाईक दोन दिवस प्लॅटफॉर्मवर पावसात उभी होती. पोचली की लगेच सोडवा, फ्री टाइम संपला की तासावर पैसे लावतात. आणि एमएच १३ ची गाडी वर्षाच्या वर तिकडं ठेवणार असाल तर आरटीओची एनओसी (ना-हरकत दाखला) काढून तिकडं रजिस्टर करावी लागते, रोड टॅक्स पण.

निवृत्त_मास्तरीण
तो २२ हजारवाला सोडून द्या. आम्ही पुण्याहून येताना असंच स्वस्त बघून दिलं, नाव घेत नाही, सामान गाडीत चढल्यावर म्हणे सीएफटी (घनफूट, म्हणजे सामानाने व्यापलेली जागा) जास्त भरलं, ९ हजार अजून द्या नाहीतर इथेच उतरवतो. रात्रीचे दहा, सासरे आजारी. दिले. सामान न बघता भाव सांगणारा तो नंतर वाढवणारच. इन्शुरन्स म्हणून टक्केवारी मागतात तेव्हा पॉलिसी नंबर मागा, तिथेच गप्प होतात. घरात म्हातारं माणूस असेल तर मात्र ३८ वाल्याशीच घासाघीस करा, हमाल शोधत फिरायचे पैसे पण मोजा की.

जुळेसोलापूरची_सून
सगळ्यांचे खूप आभार, खूप दिवसांनी लिहितेय. मिस्टर एकटेच दोन बॅगा घेऊन गेले, मी फेब्रुवारीत सामान पाठवलं. दिवाण आणि गाद्या इथेच विकल्या, साडेचार हजार आले, तिकडे नवीन गादी घेतली. बाकी सगळं हुंडेकऱ्याकडे, भाडं ८,२०० आणि दोन्हीकडची छोटी गाडी-हमाली मिळून ३,९००. स्कूटी रेल्वेने, एक आरसा फुटला. वॉशिंग मशीन नेताना ड्रम हलू नये म्हणून लावायचे मागचे बोल्ट मी फेकून दिले होते, सामान निघायच्या आधी कंपनीच्या माणसाने येऊन दुसरे लावून दिले म्हणून मशीन वाचली, तुम्ही जपून ठेवा. गॅस सिलिंडर एजन्सीत जमा करून टर्मिनेशन व्हाउचर (कनेक्शन बंद केल्याचा कागद) घेतलं, डिपॉझिट परत मिळालं.

बाळूदादा, रिटर्न गाडी पण विचारली होती, एकजण १३ हजाराला तयार होता. पण पूर्ण गाडी घेऊन अर्धी रिकामी न्यायची जिवावर आलं.

यार्डातला_बाळू
अर्ध्या गाडीत कांदा भरून न्यायचा होता की.

जुळेसोलापूरची_सून
😄 कपाट मात्र तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात वळेना, सध्या खाली पार्किंगमध्ये उभं आहे. बेंगळुरूत कोणी दोर लावून वर चढवणारे हमाल माहीत आहेत का?